पिशवी काढली, मुख राहिले

‘पिशवी काढलीय माझी, आता कसली तपासणी?’ तपासणी शिबिरात हे उत्तर मिळाले, की अनेकदा नावापुढे रेघ मारून पुढच्या बाईला बोलावले जाते. ही रेघ महागात पडू शकते.

गर्भाशय काढताना ते मुखासकट काढतात, किंवा वरचा भाग काढून मुख जागेवर ठेवतात. बाळंतपणातला रक्तस्राव थांबत नसेल किंवा जुन्या सिझेरियनमुळे मूत्राशय चिकटून बसले असेल, तर मुख ठेवण्यात शहाणपण असते. पण संबंधांतले सुख टिकते, लघवीचा त्रास होत नाही म्हणून ते राखले जात असेल, तर त्याला आधार तोकडा आहे. दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा असा फरक दिसला नाही.

मुख राहिले की त्याचा कर्करोगही होऊ शकतो. एचपीव्ही विषाणूला वर पिशवी असली काय, नसली काय, सारखेच. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत निदान झाले तर रोग बहुधा आधीपासूनच होता असे मानतात. म्हणजे पिशवी काढण्याआधी मुखाची तपासणी झालीच नाही, किंवा नीट झाली नाही. हा दोष बाईचा नव्हे.

रोग लवकर सापडला तर उरलेले मुख, आजूबाजूचा भाग आणि लसिका गाठी काढतात. चिकटलेले आतडे आणि मूत्राशय सोडवत हे करणे किचकट असते. रोग पुढे गेला असेल तर किरणोपचार आणि सोबत केमोथेरपी. खरी अडचण ब्रॅकीथेरपीची, म्हणजे आतून द्यायच्या किरणांची. एरवी त्याची नळी गर्भाशयाच्या पोकळीत खोल जाते. इथे पोकळीच नाही, उरलेला मार्ग आखूड, आणि आतडे जवळ सरकलेले. तरीही त्याच टप्प्यातल्या इतर रुग्णांइतके आयुष्य मिळू शकते, असे अनेक ठिकाणचे अनुभव सांगतात. उपचारांचा त्रास मात्र जास्त.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक महिलांच्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले, की एकाच एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा बाईच्या हाती डिस्चार्ज कार्ड असलेच, तर ते बहुधा इंग्रजीत.

त्यावर मराठीत एक ओळ सक्तीची हवी: ‘गर्भाशयमुख ठेवले आहे’ किंवा ‘काढले आहे’. कार्ड हरवले असेल तर आतून तपासून पाहावे. मुख असेल तर सहसा दिसतेच. मुख राखलेल्या काही जणींना दरमहा थोडा डाग पडतो आणि ‘चालायचेच’ म्हणून तो सोडून दिला जातो. संबंधानंतर रक्त गेले, वास मारणारे पाणी अंगावरून जाऊ लागले, किंवा पाळी जाण्याच्या वयानंतर डाग दिसला, तर मुखाची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.