दाखला हरवतो, नोंद नव्हे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर ओसरला, तेव्हा घराघरांतून चिखलाने भरलेल्या ट्रंका बाहेर निघाल्या. भांडी धुऊन घेता आली; विवाहाचा दाखला काही धुऊन वाळत घालता येत नाही. मग दुसऱ्या प्रतीसाठी हेलपाटे सुरू होतात.

वस्तुतः पक्षकाराच्या हाती असतो तो केवळ दाखला. मूळ नोंद सरकारी दप्तरात, निबंधकाच्या नोंदवहीत असते. ही नोंदवही वाजवी वेळी पाहण्यास खुली असावी आणि फी भरणाऱ्यास तिचा प्रमाणित उतारा मिळावा, असे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम ८ सांगते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ चे कलम ४७ ही तेच सांगते. उतारा मागणाऱ्याने मूळ कागद कसा गमावला याची कैफियत द्यावी, असे या कलमांत कोठेही म्हटलेले नाही. तरीही पुष्कळदा पोलिसांतील तक्रार मागितली जाते, प्रतिज्ञापत्र मागितले जाते, क्वचित पतिपत्नी दोघांनीही हजर राहावे असा आग्रह धरला जातो. हरवलेल्या छत्रीचीही एवढी चौकशी होत नसेल!

यात खरी कोंडी होते ती टाकलेल्या स्त्रीची. पोटगीच्या अर्जासाठी तिला दाखला हवा असतो आणि तो नवऱ्याच्या कपाटात असतो. तिचा कागद हरवलेला नाही, अडवून ठेवलेला आहे. ‘गहाळ झाला’ असे प्रतिज्ञापत्र तिने करावे, म्हणजे शपथेवर खोटे बोलावे, असाच त्याचा अर्थ होतो. आणि दोघांची हजेरी हवी म्हटल्यावर तर तिचा हक्क ज्याच्याविरुद्ध ती उभी आहे त्याच्याच मर्जीवर सोपविला जातो. विधवेने कोणाला हजर करावे?

नोंदणी क्रमांक आठवत नसल्यास आणखी पंचाईत होते. वर-वधू दोघांच्याही नावांची सूची असेल, तर विवाहाच्या वर्षावरून शोध घेणे कारकुनाला जड जाऊ नये. ही सूची जुन्या वह्यांचीही व्हावयास हवी. केवळ नव्या नोंदी संगणकावर चढवून तीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बाईचे काम भागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना बजावले. नोंद करणे ज्याअर्थी नागरिकाचे कर्तव्य ठरले, त्याअर्थी ती जतन करून मागताक्षणी उतारा देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. ओळखीचा पुरावा आणि फी, याहून अधिक काही मागावयाचे असेल तर ते कोणत्या नियमान्वये, हे अधिकाऱ्याने लेखी द्यावे.