डॉक्टरांना मार्क कोण देणार?

दवाखाना चांगला की वाईट, हे ठरवतं कोण? आमच्या कर्जतमध्ये (रायगडातलं नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं) विचाराल तर गर्दी ठरवते. ज्याच्या पायरीवर जास्त चपला तो डॉक्टर हुशार, ज्याच्या सुईने लगेच उभारी येते त्याच्या हाताला गुण. सरकार आपल्या दवाखान्यांना २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छतेचे मार्क देतं. ते द्यावेतच. पण फरशी पुसली म्हणजे बाईचं दुखणं ऐकून घेतलं, असं होत नाही.

मध्यंतरी शेजारणीला घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेले होते. तिला महिनोन् महिने अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टरांचं टेबल आणि बाहेरचा बाक यांत एक दार, आणि ते उघडं. बाकावर तिच्या भावकीतले दोन पुरुष. ‘काय होतंय?’ डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. ‘कंबर दुखते,’ ती म्हणाली. कंबरेच्या गोळ्या मिळाल्या, सलाईन लागलं, पैसे गेले. पावती मागितली तर कंपाउंडर हसला. तिथे पडदा नव्हता, नर्स नव्हती, विचारपूस नव्हती. पुढे म्हणायचं काय, तर ‘बायका आजार लपवतात’!

लपवतात की लपवायला लावतात? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८. त्या बायका बोलल्या, कारण कोणीतरी नीट विचारलं.

आणि नीट न विचारण्याची किंमत काय, ते पाहायला आम्हांला लांब जावं लागत नाही. मिरजगावच्या पुढे बीडची हद्द लागते. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा गवगवा झाला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशातलं प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास होतं. पांढरं जातंय, पाळीत खाडा परवडत नाही, मग ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ दुसऱ्या डॉक्टरचं मत घे, आधी गोळ्यांनी उपचार करून बघ, हे सांगणारं कोणी नव्हतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला. आदेश दिल्लीत होतो, सल्ला मात्र तालुक्याच्या दवाखान्यात मिळतो.

डॉक्टर मंडळी म्हणतील, तुम्हांला वैद्यकातलं काय कळतं? त्यांनी शेजारच्या जामखेडला जाऊन यावं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं, गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांत लिहितावाचता न येणाऱ्याही होत्या. त्या बाळंतपणं करायला शिकल्या. मग आम्हांला पडदा होता की नव्हता, एवढंही कळणार नाही?

आपल्यालाही एक सांगायला हवं. सुई दिली नाही तर ‘डॉक्टरला काही येत नाही’ म्हणणाऱ्या आपणच असतो. अशाने चांगला डॉक्टरही सुई टोचायला शिकतो. एकट्याने दिवसाला शंभर पेशंट तपासणाऱ्याची दमछाक मला दिसते, पण दार लोटून घ्यायला जास्तीचा वेळ लागत नाही.

कायदा काय देतो? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. मात्र हे खाटा असलेल्या रुग्णालयांना. नुसता दवाखाना त्या नोंदणीत येत नाही, आणि आपण जातो ते तिथेच, बाकड्यावर सलाईन लावून घ्यायला.

म्हणून मोजदाद आपणच करायची. २००७ मध्ये राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावकऱ्यांनी सरकारी आरोग्यकेंद्रांची प्रगतिपुस्तकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. तेच खाजगी दवाखान्यांसाठी का नको? बचतगटाच्या बैठकीत एक कागद पुरे. तपासताना दार बंद होतं का. सोबत बाई होती का. आजाराचं नाव सांगितलं का. औषधाची चिठ्ठी आणि पैशांची पावती हातात दिली का. पिशवी काढायचा सल्ला दिला असेल तर आधी दुसरे कोणते उपचार केले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी हिरवा, पिवळा, लाल ठिपका. कागदावर बाईचं नाव नको, दवाखान्याचं हवं. भरलेला कागद आधी त्याच डॉक्टरांना नेऊन दाखवायचा, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा भरायचा, आणि लाल लालच राहिला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या उसाला निघतात. त्याआधी आपल्या गटात पहिला कागद भरून घ्या.