जुनी केबल, नवा डबा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक नवी मागणी येते. कुणाला ॲनिमेशन शिकायचे असते, कुणाला आर्किटेक्चरला जायचे असते, आणि त्यासाठी घरातल्या जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड हवे असते. कार्ड आणायला गेलो की दुकानदार सांगतो, "जुना एसएमपीएस पुरणार नाही, तोही बदला."

आमच्या लेकीच्या वेळी हेच झाले. काम अवघड नाही. स्क्रूड्रायव्हर हातात धरता येणाऱ्याला तास-दीड तास पुरतो. पण त्या तासाभरात आमच्या हातून एक चूक झाली आणि ती फार महागात पडली. तीच आज सांगायची आहे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पंखा असलेला लोखंडी डबा. तो भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज पुरवतो. काही डब्यांच्या वायरी कायमच्या जोडलेल्या असतात, काहींच्या काढता-घालता येतात. आमचा जुना आणि नवा, दोन्ही डबे मिश्र होते. मदरबोर्डच्या वायरी पक्क्या, हार्ड डिस्कची केबल सुटी. ही जुनी केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूने नीट बांधलेली होती. ती कशाला उपसायची, असे म्हणून आम्ही ती तशीच ठेवली आणि तिचे दुसरे टोक नव्या डब्यात खोचले. ते बरोबर बसलेही.

बटण दाबले, पंखा फिरला, 'चट्' असा आवाज आला आणि जळका वास सुटला. हार्ड डिस्क गेली.

कारण नंतर कळले. केबलचे हार्ड डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते. डब्याकडच्या टोकाला मात्र असा ठरलेला नियम नाही. कुठल्या पिनमधून किती व्होल्ट सोडायचे हे प्रत्येक कंपनी आपले ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क क्षणात जळते. टोक खाचेत बसले म्हणजे जुळले, हा आमचा समजच चुकीचा होता.

त्या डिस्कवर घरातल्या लग्नांचे फोटो होते आणि अब्बांच्या आवाजातल्या नऊ रेकॉर्डिंग होत्या. अब्बा आता नाहीत. अम्मी रागावल्या नाहीत. "त्यांचा आवाजपण गेला का?" एवढेच त्यांनी विचारले. डेटा काढून देणाऱ्याने महिनाभर डिस्क ठेवून घेतली. बरेचसे फोटो परत आले. रेकॉर्डिंग चारच आल्या.

म्हणून पहिले काम स्क्रू काढण्याचे नाही. डिस्कवरचे सगळे दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तो ड्राइव्ह कॉम्प्युटरपासून वेगळा ठेवा.

दुसरे काम खरेदीचे. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. डब्याच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः यावरच चालतात. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट झाले, मग वर ४५० लिहिलेले का असेना. कार्ड बनवणारी कंपनी किती वॉटचा एसएमपीएस हवा ते सांगते, त्यापेक्षा कमी घेऊ नका. ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर आधी उघडून पाहा. काहींच्या मदरबोर्डवर नेहमीची २४ पिनांची जागा नसते, काहींत डब्याचा आकारच वेगळा असतो.

आता प्रत्यक्ष काम. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीचे बटण बंद करा आणि प्लगही काढा. मग कॅबिनेटचे चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज बरीचशी उतरते. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. जोडण्यांचे मोबाइलवर फोटो काढा. कनेक्टर काढताना खटका दाबून कनेक्टरच धरून ओढा, वायर ओढू नका.

जुन्या डब्याबरोबर त्याच्या सगळ्या सुट्या केबल बाहेर काढा, कितीही कंटाळा आला तरी. नव्या खोक्यातल्याच केबल वापरा. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा, दोन्ही कनेक्टर आठ पिनांचे असू शकतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यावरची अक्षरे वाचा. बसत नसेल तर जोर लावू नका. मागे २३०/११५ अशी छोटी कळ असेल तर ती २३० वरच हवी. आणि प्लग लावणार ते तीन पिनांचे सॉकेट अर्थिंगचे आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

शेवटची गोष्ट मुलांना समोर बसवून सांगा. जुना डबा टाकाऊ असला तरी उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. पंखा साफ करायला म्हणूनही तो खोलू नये.

आमच्या त्या जुन्या केबलीला आम्ही डब्यासकट चिकटपट्टीने बांधून ठेवले आहे. वर लेकीने लिहिले आहे : 'दुसरीकडे लावू नये.' उरलेल्या चार रेकॉर्डिंग आता तीन ठिकाणी आहेत. एक प्रत अम्मींच्या मोबाइलमध्ये आहे.