स्टिअरिंग काहीतरी सांगतंय!

सेकंड हॅण्ड एसयूव्ही बघायला गेल्यावर आपण काय बघतो? रंग, अलॉय, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम. फारच हुशार असलो तर मीटरवरचे किलोमीटर. आणि टेस्ट ड्राइव्हला निघताना विकणारा सगळ्यात आधी काय करतो? मस्त गाणं लावतो! म्हणून माझा पहिला नियम: गाणं बंद, एसी बंद, काचा खाली. जुनी गाडी स्वतःची हिस्टरी आवाजातून सांगते. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं, स्टिअरिंग वळवताना.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. जाणकार गिऱ्हाईक तिथे घोड्याच्या साजावर भाळत नाही. दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो. एसयूव्हीचंही तेच, फक्त दातांऐवजी आवाज.

माझा मावसभाऊ याच जिल्ह्यात, तळोद्याला राहतो. नोकरी धडगावच्या शाळेत. मध्ये सातपुड्यातला चांदसैली घाट. वळणं अशी की स्टिअरिंग सरळ राहायला तयारच नाही, आणि पावसाळ्यात दरडींची भीती वेगळी. त्याने नऊ वर्षं जुनी एक एसयूव्ही पसंत केली होती. फोन आला, ‘दादा, गाडी एक नंबर आहे. वळताना जरा खट्‌खट् वाजते, पण मालक म्हणतो मोठ्या गाड्यांना एवढं असतंच.’

बॉस, असं काही ‘असतंच’ नसतं! प्रत्येक आवाजाला कारण असतं. बघा:

कुंईंऽऽ : हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये वळवताना असं कण्हणं ऐकू आलं तर आधी बॉनेट उघडून तेलाची पातळी बघा. तेल काळं पडलंय, जळकट वास येतोय, फेस दिसतोय? मग गळती किंवा आत शिरलेली हवा शोधायची. नुसतं तेल भरून विषय संपत नाही. स्टिअरिंग पूर्ण शेवटपर्यंत वळवल्यावर थोडा आवाज मात्र नॉर्मल आहे, फक्त तिथे दाबून धरून ठेवू नका. आणि हो, इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत हे तेलच नसतं!

चींऽऽ : सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा जागेवर वळवताना किंचाळी आली, तर बहुतेक बेल्ट ढिला झालाय किंवा झिजलाय. हा स्वस्तात सुटणारा प्रॉब्लेम.

कट्-कट्-कट् : पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना असा आवाज आला, तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत संशय सीव्ही जॉइंटवर. पण जुन्या टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो-स्कॉर्पिओत ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे सीव्ही जॉइंट नसतोच. तिथे कुणी ‘जॉइंट बदलावा लागेल’ म्हणून बिल फाडत असेल तर नमस्कार करून निघा.

घूंऽऽ : वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे टायर किंवा व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं.

खट् : हा खरा डेंजर. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा बुश. यांच्यावरचं रबरी बूट फाटलं की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस संपतं आणि जॉइंट आतून झिजतो.

भावाच्या पसंतीची गाडी ही शेवटची केस होती. मालकाचं म्हणणं, रस्ताच खराब आहे. मी म्हटलं, ठीक, जॅकवर घेऊ. जॅकखाली पक्का आधार दिला. पुढचं चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं: शांत. म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट बरे दिसत होते. मग ३ आणि ९ वर धरलं, आणि डावं चाक हाताला चक्क सैल लागलं. टॉर्च मारला तर टाय रॉड एंडचं बूट फाटलेलं, आत ग्रीसचा पत्ता नाही.

टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंग आणि चाक यांना जोडणारा दुवा. तो निखळला, तर तुम्ही कितीही वळवा, ते चाक आपल्या मर्जीने जाणार. सपाट रस्त्यावर नशीब साथ देईल, पण घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी!

मालक म्हणाला, ‘पाचशे कमी करतो, नंतर करून घ्या.’ भाऊ पहिल्यांदाच ठामपणे बोलला, ‘काका, पैसे कमी करू नका. आधी दोन्ही बाजूंचे एंड बदला, अलाइनमेंट करा, मग पैसे देतो.’ मालक कुरकुरला, पण चार दिवसांत काम झालं. अलाइनमेंटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण एंड बदलला की चाकांचा कोन बदलतो. ते केलं नाही तर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खाल्ले जातात.

तुम्ही पुण्या-मुंबईत गाडी बघत असाल तरी फॉर्म्युला तोच. इंजिन थंड असताना जा, म्हणजे बेल्ट खरं बोलतो. मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू फिरवा, स्पीडब्रेकरवरून न्या, शेवटी जॅकवर घ्या. अर्ध्या तासाचं काम. आणि जो विकणारा गाडी जॅकवर घेऊच देत नाही, त्याने उत्तर देऊन टाकलंय असं समजा!