सुटणारी गरी

परवा भाचा आला होता. टोरंटोहून. तिकडून येणारी माणसं बॅगेतून काय आणतात ते आता पाठ झालंय. चॉकलेटं, बदाम, मामीला पर्स. याने आणला एक प्लास्टिकचा डबा. आत वीस-बावीस खण आणि प्रत्येक खणात एकेक मासा. मासा म्हणजे माशाचं सोंग हो. कुठे रबराची पांढरी नळी, कुठे चमच्यासारखा चमकता पत्रा, कुठे डोळे रंगवलेली धातूची मासळी.

"मामा, हे तुझ्यासाठी. बर्फावरच्या मासेमारीचं सामान."

"अरे, सावंतवाडीत बर्फ फक्त मासळी बाजारात असतो," मी म्हटलं. "आणि तिथे मासे आधीच मेलेले असतात."

तो हसला. पण डबा काही मी परत केला नाही. गरवायला जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गऱ्या बघायला मिळाल्या की त्याची अवस्था सराफाच्या दुकानात गेलेल्या बायकांसारखी होते. (हे वाक्य आमच्या हिने वाचू नये.)

तर सांगायचं म्हणजे, टोरंटोच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर लेक सिमको नावाचा मोठा तलाव आहे. हिवाळ्यात तो गोठतो. बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय त्यावर माणसाने पाऊलसुद्धा ठेवायचं नाही, असा तिकडचा दंडक. मग गिरमिटाने भोक पाडायचं, शेजारी स्टूल टाकायचं आणि हातभर लांबीची काठी घेऊन बसायचं. खाली असतो लेक ट्राउट. नाव ट्राउट, पण तो खरा 'चार' कुळातला (चार ही संख्या नव्हे, कुळाचं नाव आहे!). थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं म्हणून तो तळाकडे जाऊन बसतो. हिवाळ्यात मात्र गंमत उलटी होते. पाणी चार अंशांवर सगळ्यात जड असतं, म्हणून तळाला चार अंश आणि बर्फाखाली शून्याच्या आसपास. ट्राउटला दोन्ही चालतं. सगळा तलाव त्याला मोकळा. म्हणून आमिष एकाच खोलीवर ठेवून भागत नाही. साठ-सत्तर फुटांपर्यंत सोडायचं आणि हळूहळू उचलत शोधत यायचं.

पाणी काचेसारखं, म्हणून दोरा दिसू नये असा. आमिष बहुतेकदा पांढरं, चारेक इंचांचं, कारण खाली तो ज्या मासळीवर जगतो ती चंदेरी असते. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, मासा आमिषामागे येतोय असं यंत्राच्या पडद्यावर दिसलं की थांबायचं नाही, उलट वर पळवायचं. थांबलं की त्याला संशय येतो. जीव घेऊन पळणारी मासळी मध्येच थांबून मागे कशाला बघेल? हे मला फार पटलं. आम्ही आपले आयुष्यभर भेंडाच्या तुकड्याकडे बघत हलायचं नाही, बोलायचं नाही, शिकलो.

"आणि पकडलेल्या माशाचं काय करतोस?"

"एखादा खातो. बाकीचे सोडतो."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. एवढ्या थंडीत जायचं, साठ फुटांवरून एका जिवाला तोंडात आकडा घालून वर ओढायचं आणि मग 'जा हो बाळा' म्हणून सोडायचं? पोटासाठी मारलेला मासा मला कळतो. खेळासाठी छळलेला कळत नाही. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने वाद घातला नाही. डब्यातली एक गरी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "टोकाला बोट लावून बघ."

गरीच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, ज्यामुळे लागलेली गरी निघत नाही, तो पकडीने दाबून सपाट केलेला होता.

आमच्या बाबांनी ती गरी बघितली असती तर विहिरीत फेकली असती. बाबा म्हणायचे, "गरी अशी व्हयी, लागली काय सुटूची नाय." त्यांच्या पत्र्याच्या डबीत पाच-सहाच गऱ्या असायच्या, कानशीने घासून धार लावलेल्या. चिव्याची काठी, तंगूस, घरीच वितळवून ओतलेलं शिसं. नदीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, खाडीला सुंगटं. मासा लागला की घरात कालवण, सुटला की कुळथाची पिठी. इतका साधा हिशोब होता. त्या हिशोबात सोडायला जागाच नव्हती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण भाच्याने मग सिमकोची गोष्ट सांगितली. आजूबाजूच्या शेतांतून आणि गावांतून फॉस्फरस तलावात येत राहिला, शेवाळ माजलं, ते तळाशी कुजलं आणि खालच्या थंड पाण्यातला प्राणवायू कमी झाला. मोठे ट्राउट कसेबसे तगले, पण त्यांची पिल्लं जगेनात. १९६०च्या दशकापासून तिथे हॅचरीत वाढवलेले मासे सोडत आलेत. सोडताना त्यांचा एखादा पर कापून खूण करतात. पुढे तलाव थोडा सुधारला आणि न कापलेल्या परांचे मासे पुन्हा दिसू लागले. म्हणजे तलावातच जन्मलेले. हा मासा वयात यायलाच सहा-सात वर्षं किंवा जास्त घेतो, आणि जगला तर काही दशकं जगतो.

"पर कापलेला असेल तर घरी नेतो. पर पूर्ण असला तर सोडतो," भाचा म्हणाला. "पण मामा, तो वर आल्याशिवाय कळत नाही ना."

तो वर आल्याशिवाय कळत नाही. गेले पंधरा दिवस हेच वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय.

कारण मला माझा चोणक आठवला. नातेवाइकांपैकी अनेकांनी त्याचा फोटो बघितलाय. आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीत, पावसाळ्याच्या तोंडावर. वीसेक वर्षं झाली असतील. हाताला न पेलणारा मासा, बाजूला मी, चेहऱ्यावर शिवाजी महाराजांनी किल्ला घेतल्याचा भाव. घरी आणून चिरला तर पोटात ही एवढी गाबोळी. शेजारीपाजारी वाटून उरली. तळलेल्या गाबोळीची चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू?

चोणक म्हणजे रायगडातला जिताडा. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो, हे मला खूप उशिरा कळलं. म्हणजे खाडीतले थोराड चोणक बहुतेक माद्याच. पावसाळ्यात त्या खाडीच्या तोंडाशी जाऊन लाखो अंडी घालतात. लहानपणी कोणा-कोणाच्या तोंडातून वाचून इतकी वर्षं जगलेली, आता कुठे आई व्हायला निघालेली मासळी मी वर ओढली आणि फोटो काढून घेतला.

भाच्याला फोटो दाखवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सोडता आली असती?"

"नाही," मी म्हटलं. गरी घशाच्या आत होती. मला सोडायची इच्छा असती तरी ती जगली नसती. ती मला अजून टोचते. इच्छा झाली असती की नाही हा पुढचा प्रश्न. माझ्या गरीने तो प्रश्न माझ्यापुढे येऊच दिला नाही.

म्हणून माझं आता मत असं झालंय. गरी कशी लागते हे सगळेच बघतात. ती कशी सुटते हे बघून घ्यावी.

'मोठी गरी वापरा म्हणजे लहान मासे वाचतील' असं सांगतात. खरं आहे, पण अर्धंच. मोठी गरी बरोब्बर त्या आयांनाच शोधून काढते. बरं, मधल्या आकाराच्या तांबोशीचं काय? तांबोशी खाडीत वाढते आणि अंडी घालायला बाहेर समुद्रातल्या खडकांवर जाते. खाडीत आपल्याला मिळते ती बहुधा एकदाही न व्यालेली. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं, हे चांगलंच झालं. पण फूटपट्टी लावायची ती मासा वर आल्यावरच.

आता कोणी म्हणेल, आणि म्हणावंच, की बाबा रे, तुझ्या एका काठीने असा काय समुद्र आटणार आहे? ट्रॉलर आहेत, पर्ससीन आहेत, रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी गोळा करणारे आहेत. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या रापणकरांची तक्रार संपलेली नाही. नदीत सुरुंग लावायला आणि विष टाकायला तर १८९७च्या कायद्यापासून मनाई आहे. तरी उन्हाळ्यात एखाद्या कोंडीत पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे आपण बघितलेत. ही पापं मोठी आहेत, मान्य. पण जाळ्याला आणि सुरुंगाला निवड नसते, गरीला असते.

शिंगाळ्याचंच बघा. त्याचा नर अंडी तोंडात धरून ठेवतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत खात नाही. आमिषाकडे तो बघतही नाही, म्हणून गरीला सहसा लागत नाही. जाळ्यात मात्र अंड्यांसकट येतो. आमिष घ्यायचं की नाही हे गरी माशावर सोडते. मग घेतल्यावरही थोडी निवड आपण का ठेवू नये?

तर या मतापायी मी माझ्या डबीत काय बदल केले ते सांगतो. घरातली मुलं गरवायला जाऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम.

एक, तीन तोंडांच्या गऱ्या काढून टाकल्या. भाच्याच्या डब्यातल्या बऱ्याच आमिषांना त्या होत्या. एक तोंड माशाच्या ओठात आणि दुसरं डोळ्यात, असा तो प्रकार. तिथे एकेरी गरी लावली.

दोन, उलटे काटे पकडीने दाबले. मासे सुटतात का? सुटतात. दोरा ढिला पडला की सुटतात. दोरा ताणून धरायला शिकलं की फारसे सुटत नाहीत.

तीन, सुंगटं लावायची तर टोक आत वळलेली गोल गरी, जिला सर्कल हुक म्हणतात. मासा साधं आमिष गिळतो आणि गरी घशात जाते, पण ही सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात लागते. अट एकच, झटका मारायचा नाही, नुसतं ओढत आणायचं. बाबांनी शिकवलेला तो मनगटाचा झटका विसरायला मला फार जड जातंय.

चार, तरीही गरी खोल गेलीच तर उपटायची नाही. तोंडाशी तंगूस कापून मासा सोडायचा. आणि हात ओले करून धरायचा.

पाच, खोल समुद्रात हे चालत नाही. लेक ट्राउटला पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते, म्हणून तो साठ फुटांवरून येऊनही परत जातो. तांबोशीला ते जमत नाही. खोलातून वर आली की फुगते, सोडून उपयोग नसतो. तेव्हा तिथे खाण्यापुरते मासे झाले की काठी गुंडाळायची.

भाच्याच्या डब्यात एक आमिष रापाला कंपनीचं होतं. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडातून पहिलं कोरलं आणि चॉकलेटच्या चांदीने मढवलं. हे ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे चितारआळी असताना! लाकडी केळी आणि आंबे इतके हुबेहूब करतात, मासा का नाही? एका कारागिराकडून करून घेतला. पांगाऱ्याचा, हलका, पाठीवर हिरवा, पोटाला पांढरा. एकेरी गरी लावली, काटा दाबला आणि भाचा जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं आरोंद्याला गेलो.

भरती वळता वळता एक तांबोशी लागली. वीतभर. काठावर आणून मी हात ओले करतोय तोवर तिने एक हिसका दिला आणि स्वतःच सुटून गेली. भाचा टाळ्या वाजवायला लागला. मी मात्र खरं सांगतो, पहिल्यांदा तोंडातून शिवीच आली. पन्नास वर्षांची सवय आहे ती, एवढ्यात कशी जाईल?

घरी आलो तर ही दारात पिशवीकडे बघत उभी. "काय गावला?"

"लागली होती एक."

"मग?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कुळथाची पिठी कर."