मुलाच्या उंचीवरून इतिहास

इतिहास शिकविताना आपण मुलांना सनावळ्या, सत्याग्रह आणि ठराव सांगतो. हे सारे मोठ्या माणसांच्या उंचीवरून पाहिलेले असते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात मात्र आपल्याला सुमारे १९०१ सालच्या मसूर स्थानकावर, नऊ वर्षांच्या मुलाच्या शेजारी उभे केले आहे.

मुले वडिलांना भेटायला निघालेली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. न्यायला कोणीच आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात विचारताच मुलाने विचार न करता खरे उत्तर दिले आणि मास्तरचा चेहरा पालटला. पुढे गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, तरी गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. डब्यात भरपूर अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली.

त्यातील एक कबुली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणे, शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी न मिळणे हे त्या मुलाला आधीच ठाऊक होते; पण ते नेहमीचेच वाटत होते. या प्रवासाने त्याला प्रथम विचारात पाडले. म्हणूनच ‘बालमन निरागस असते’ हे आपले लाडके वाक्य मला अपुरे वाटते. मोठी माणसे जे जग मांडून ठेवतात, तेच मूल स्वाभाविक मानते.

मग निवासी शाळेतील आपली मुले काय स्वाभाविक मानीत असतील? भोजनाच्या रांगेत धाकट्यांनी मागे सरकणे? कार्यक्रमानंतर सभागृह मुलींनीच झाडणे? १४ एप्रिलला आपणच लिहून दिलेली भाषणे आपण त्यांच्याकडून पाठ करून घेतो आणि टाळ्याही आपणच वाजवितो. (मीही अनेक लिहून दिली आहेत.) एकदा ‘माझे वसतिगृह’ या निबंधात पाचवीतल्या मुलाने लिहिले होते, की दिवे मालवल्यावर आईचा आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि दहापैकी सहा गुण दिले.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला होता. पुढील स्मरणिकेची निम्मी पाने मुलांना द्यावीत, आणि ती छापण्यापूर्वी आम्हा शिक्षकांच्या हाती लाल पेन देऊ नये.