चाकांवरचे बिऱ्हाड

गाडीमागे जोडायचा छोटा कॅम्पर ट्रेलर विकत घ्यावा काय, हा प्रश्न सुट्टी जवळ आली की आमच्या घरात हटकून निघतो. हॉटेलचा मिंधेपणा नको, मुक्काम आपल्या मर्जीचा. हे आकर्षण खोटे नाही. पण सोयगावातून पाहिले की हिशेब बदलतो. आमच्याच तालुक्यातल्या अजिंठा लेण्यांना निघालो, तरी खासगी वाहन फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसनेच जावे लागते. वेताळवाडीचा किल्ला तर पायीच चढायचा.

खरी निकड आहे ती आईची. गुडघे दुखतात, वाटेतली स्वच्छतागृहे तिला नकोशी. नेमके तेच या छोट्या ट्रेलरमध्ये बहुधा नसते. शिवाय वर्षातले पंधरा दिवस सोडले, तर तो अंगणातच उभा राहणार. नोंदणी आणि देखभाल मात्र बारमाही. कधी हौस झालीच, तर भाड्याची कॅरावॅन बरी. राज्याने २०२१ साली त्यासाठी धोरणही आखले आहे.

अजिंठ्याचे विहार भिक्षूंच्या वर्षावासासाठी होते. पाऊस सरला की ते निवारा मागे ठेवून चालू लागत. आपण मात्र निवारा ओढत हिंडू पाहतो. तेवढ्यासाठी लाखो रुपये मोजावेत, असे मला वाटत नाही.